परवाचे टमाटे

प्रिय दाजी,

जयभीम.

तुमच्यावर रागवायचं राहूनच गेलं. हैदराबादला होतो तेव्हा घरात सगळेच रडत होते, मीपण रडत होतो, आणि रडणाऱ्या माणसांत उभं राहून गेलेल्या माणसावर ओरडता येत नाही. आज इथं साइटवर, भुजच्याही पुढं या उजाड मैदानात, ताईनं बांधून दिलेल्यातला शेवटचा टमाटा आम्ही चौघांनी वाटून खाल्ला आणि माझं डोकं पुन्हा भडकलं. म्हणून लिहायला बसलो.

फोनवरच बोललो असतो. मागच्या हप्त्यात सवयीनं तुमच्या नंबरला आवाज भरून पाठवला, "दाजी, इथं वारा लई आहे, सोलरची प्लेट उचलली की माणूसच उडतो." पाठवल्यावर आठवलं. तुमचा फोन आता ताईच्या स्वयंपाकघरात फळीवर असतो. तिनं ऐकला. मला फोन करून म्हणाली, "उडू नको रे. पोटभर जेव." आणि फोन ठेवला. तेव्हाच ठरवलं, तुमच्याशी बोलायचं तर कागदावर. वेलांट्या तपासत बसू नका. सातवीपुढं मी गेलो नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि सातवीपर्यंत तरी कुठं रोज गेलो होतो!

तर राग. पहिला राग तुमच्या त्या एका शब्दाचा. परसों!

हैदराबादी माणसाचं परसों म्हणजे काय असतं, ते मला तुमच्याकडं राहायला आल्यावर पहिल्याच हप्त्यात कळलं होतं. बिलोलीकडच्या आमच्या गावातून तुम्ही मला शिकवायला म्हणून विद्यानगरच्या घरी आणलंत. पहिल्या दिवशी म्हणालात, "सालेसाब, परवा तुम्हाला चारमिनार दाखवतो." मी बोटं मोजली. आमच्याकडं उद्याच्या पुढचा दिवस तो परवा. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, नवा शर्ट घालून मी दारात बसलो. तुम्ही सायकल काढून ड्यूटीवर निघून गेलात. संध्याकाळी परत आलात तरी मी तिथंच! तुम्ही विचारलंत, "कुठं लग्नाला चाललात का सालेसाब?"

ताई आतून कडाडली होती, "तुम्ही त्याला परवा म्हणाला होता! सकाळपासून पोरगं बसलंय!"

आणि तुम्ही हसत, "अगं, परवा म्हणजे काय परवाच का? परवा म्हणजे कधीतरी!"

चारमिनार मी पाहिला तो उन्हाळ्यात.

तुम्ही तिथंच जन्मलेले. तुमच्याकडं मागच्या वर्षी झालेलं लग्नसुद्धा ‘परसों झालं’ आणि पुढल्या वर्षी करायचं कामसुद्धा ‘परसों करू’. मराठीत बोलताना त्याचंच ‘परवा’ व्हायचं. नळ गळतोय, परवा बघतो. गावाला कधी येणार, परवा येऊ. ताई गावची. तिचा परवा कॅलेंडरात असायचा, तुमचा हवेत. त्यावरून तुमची किती भांडणं! मी कोपऱ्यात बसून हसायचो. तेव्हा हसायची गोष्ट होती ती.

पण छातीत दुखायला लागलं तेव्हासुद्धा, दाजी? तेव्हासुद्धा?

ताईनं सांगितलं मला. गच्चीचा जिना चढताना मधेच थांबलात, कठड्याला धरलंत, म्हणालात गॅस आहे. ती म्हणाली, डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात, "हाव, परवा दाखवू." इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढून ती गावचीच राहिली की हो! जाऊन परवाचा नंबर लावून आली. त्या दिवशी बाहेरची साडी नेसून, चप्पल घालून दारात उभी राहिली. आणि तुम्ही काय म्हणालात? "मी हे परवा थोडंच म्हणालो होतो?" नंबर गेला. त्याच हप्त्यात तुम्ही गेलात.

कुणाला सांगू हे? सांगितलं तर लोक म्हणतील, आयुष्यच तेवढं होतं. नव्हतं! दहा पावलांवर रिक्षा उभी असते आपल्या गल्लीत. तेवढीच पावलं चालायची होती तुम्हाला.

आता टमाट्यांचं ऐका.

तुम्हालाच ती हौस. सिकंदराबादला पार्सल ऑफिसात दिवसभर पेट्या उतरवायच्या आणि घरी आल्यावर डबा ठेवायच्या आधी गच्चीवर पळायचं. रंगाच्या रिकाम्या बकेटी, बुडाला भोकं पाडलेली. तबेल्यातलं शेणखत स्कूटरवर दोन पायांत धरून आणलेलं, त्याचा वास आठवडाभर जिन्यात. बी आमच्याच गावचं, गावरान, चपटं, शिरा असलेलं. रोज सकाळी तुम्ही फुलांना बोटानं टिचक्या मारायचात, तेव्हा ताई म्हणायची, "नवरा कॅरम खेळतोय." तुम्ही म्हणायचात, "टिचकी मारली की फळ धरतं, तू बघ." आणि धरायचं!

फक्त पिकलेलं कधी पाहिलं नाही आपण. एक तर ताई हिरवेच तोडून चटणी करायची, नाहीतर खालच्या सरोजम्मा त्यांच्या पच्चडीला, म्हणजे तिखट चटणीला, घेऊन जायच्या. घरमालकीण, तिला नाही कोण म्हणणार? ह्या वर्षी मात्र तुम्ही हट्टाला पेटलात. व्हिडिओ कॉल करून मला दाखवलंत. पानाआड पहिला टमाटा, बुडाशी जरासा पिवळा पडलेला. पाखरांना भिववायला दोरीवर चकचकीत सीडी टांगल्या होत्या. ताई मागून ओरडत होती, "धम्या, तुझ्या दाजीनं आमच्या लग्नाची सीडी टांगली बघ!" तुम्ही म्हणालात, "मग काय, आता मशीन कुठंय ती लावायला? इथं कामाला तरी येतेय." मग कॅमेरा टमाट्याजवळ नेऊन मला म्हणालात, "सालेसाब, ह्याला आता हात लावायचा नाही कुणी. झाडावरच लाल होऊ द्यायचा. परवा तोडू."

ते आपलं शेवटचं बोलणं. ह्याच्यावर मी काय करू, सांगा?

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दोन दिवसांचा रस्ता, काय करणार. पुण्यानुमोदनाला थांबलो. भंतेजी आले, वंदना झाली, तुमच्या ऑफिसातली माणसं जेवून गेली, गावचे पाहुणे गेले. जाताना आई मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला घेऊनच ये. मूल नाही, बाळ नाही, त्या शहरात एकटी काय करील?" मलाही ते पटलं. ठेकेदाराला फोन करून सुट्टी वाढवून घेतली, चार शिव्या खाल्ल्या. ताईला म्हणालो, "बॅग भरू का?"

"वर टमाटे लागलेत रे. ह्यांनी तोडायचं म्हटलं होतं. तेवढे तोडून निघू."

"मग तोड की."

"परवा तोडू."

ठीक आहे म्हटलं, परवा. ताईचा परवा म्हणजे परवाच. तो दिवस आला तसा मी कात्री घेऊन गच्चीवर गेलो. ती मागून आली. टमाट्याला खालून तळहात लावला, वजन केल्यासारखं, आणि पुन्हा म्हणाली, "परवा."

ज्या शब्दापायी ती आयुष्यभर तुमच्याशी भांडली, तोच शब्द तिनं उचलला होता. तुमच्याच सुरात, मान तशीच हलवून. शाळेतून रजा काढलेली होती, जामबागच्या शाळेत आया म्हणून जाते ना ती, पण घरात काम काही नाही. सकाळी उठायचं, बकेटींना पाणी घालायचं, टमाटे बघायचे, खाली यायचं. जेवण दोन घास.

सरोजम्मा एकदा वर आल्या. "अम्मा, लाल हो गए ना, कायकू छोड रहे? दो मेरेकू दे, पच्चडी करती मैं."

ताई म्हणाली, "परसों देती, सरोजम्मा."

सरोजम्मा पक्क्या हैदराबादच्या. त्यांना बरोबर कळलं. रिकाम्या हातानं खाली गेल्या.

तिकडं टमाटे लाल झाले. मग गडद लाल झाले. असे लाल की पानांआडून दिव्यासारखे दिसायचे, आणि खायला कुणी नाही! एक तडकला. त्याला मुंग्या लागल्या. एक आपोआप गळून बकेटीत पडला आणि तिथंच सडला. दाजी, मी ह्या ओसाड रानात आठवड्यातून एकदा भाजीचा टेम्पो येतो त्याची वाट बघणारा माणूस. इथं टमाटा म्हणजे लाकूड असतो, कापला की आवाज येतो. आणि तिथं डोळ्यांसमोर पिकलेला माल कुजतोय! माझं डोकं सटकलं. मी एकाला हात घातला, तर ताईनं माझ्या मनगटावर फाडकन मारलं. लहानपणी लाडू चोरताना मारायची तसं.

मी पण बोललो मग. जे बोलू नये ते बोललो. "ताई, कुणाची वाट बघतीस? दाजी येणार नाहीत तोडायला."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मला माहीत नाही? दवाखान्यात मी होते का तू होतास?"

"मग?"

"मग काय मग? ह्यांनी लावलेलं एवढंच झाडावर राहिलंय. एकदा खाल्लं की मग काय रे?"

खरं सांगू, मला तिचा पण राग आला. तुमचा पण. गावात आई वाट बघतेय, इथं ठेकेदाराचा फोन रोज वाजतोय, आणि आम्ही दोघं गच्चीवर उभे राहून टमाटे सडताना बघतोय. सुखासुखी काही करायचं नाही, असं घरच आहे का हो आपलं? मी खाली आलो आणि बॅगेत माझे कपडे कोंबले. एकटाच निघणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून सरोजम्मांची हाक आली. कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. आम्ही दोघं धावत वर गेलो. तुमच्या लग्नाच्या सीडीच्या दोरीवर एक बुलबुल बसला होता, शेपटीखाली लाल, डोक्यावर तुरा, एकदम निवांत. आणि सगळ्यात मोठा टमाटा, तुम्ही मला व्हिडिओत दाखवलेला तोच, अर्धा खाल्लेला. सीडीला काय घाबरतोय तो! तिच्यावर चोच पुसत होता.

सरोजम्मांनी दोन्ही हात जोडले. "अय्यो अम्मा, वो ही आए. मी वारु आए!" मी वारु म्हणजे तेलुगूत ‘तुमचे अहो’. "पहला फल खाके गए देखो. अब तुम लोगां खाओ, कुच नहीं होता."

मला वाटलं, आता ताई खाली बसणार आणि रडणार. मी तिला धरायला पुढं झालो. तर तिचं तोंड टमाट्यापेक्षा लाल!

"कोण आलं? हे? सरोजम्मा, वो बुलबुल है. बुलबुल! आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. मेल्यावर माणूस कुठं येत नाही, कुठं जात नाही, हे रोज सांगायचे ते मला. आता हा बुलबुल कुठून काढला तुम्ही?" अर्धं मराठी, अर्धं हिंदी, सगळं एका दमात. आणि मग बोट नाचवून, "और मेरा आदमी धोए बगैर कुच नहीं खाता था!"

सरोजम्मा घाबरल्या. मग म्हणाल्या, "ठीक है अम्मा, नहीं आए. मेरेकू क्या. पच्चडी के वास्ते तो दे."

दाजी, मी हसलो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. हसू दाबायला गेलो तर नाकातून आवाज आला. ताईनं माझ्याकडं रागानं बघितलं, बुलबुलाला चप्पल फेकून मारली, ती शेजारच्या गच्चीवर गेली, आणि ही पदर खोचून टमाटे तोडत सुटली. लाल तोडले, केशरी तोडले, बुडाशी पिवळे होते ते पण तोडले. "बसतंय मेलं झाडावर! माझ्या नवऱ्याच्या नावावर खातंय!" पदर भरला तसा माझा शर्ट ओढून त्याच्यात टाकायला लागली. तोंडानं बुलबुलाला शिव्या, सरोजम्मांना शिव्या. मधेच तुम्हाला पण एक दिली. कोणती ते लिहीत नाही. गच्चीवरच्या नळाखाली बसून एकेक टमाटा चोळून चोळून धुतला. सरोजम्मांच्या पदरात मूठभर घातले. त्या खाली गेल्यावर मग तिथंच, ओल्या फरशीवर, आम्ही दोघं बसलो.

"खाली नेऊन दाजींच्या फोटोपुढं एक ठेवू का?" मी विचारलं.

"ते भिंतीवर बसून जेवायचे का? खा तू."

मीठ आणलं, तिखट आणलं. चावा घेतला.

आंबट! दाजी, इतका आंबट की कानामागं कळ आली! पिकलेला, झाडावर लाल झालेला, तुम्ही एवढा हट्ट केलेला, आणि हे? एवढ्यासाठी का हो? ताईनं डोळे गच्च मिटले. मला वाटलं झालं, आता थुंकणार. "लई आंबट आहे रे!" म्हणाली, आणि दुसरा उचलला. मग तिसरा. कोपरापर्यंत रस ओघळत होता. दोन घास जेवणारी बाई सकाळच्या पारी सहा-सात टमाटे खाऊन बसली. मी पण खाल्ले. आंबट होते पण वास होता त्यांना, पानांचा, ते मला इथं आल्यावर समजलं. इथं माझ्या बरोबरचा बिहारी पोरगा त्याचा घास तोंडात धरून बसला होता, गिळतच नव्हता.

मला वाटलं, सुटलो. टमाटे संपले, आता ताई निघणार. मी खाली जाऊन तिची बॅग काढली. वर येऊन बघतो तर बाईनं जुना पेपर पसरलाय आणि बुलबुलानं उष्टावलेला तो टमाटा त्याच्यावर पिळतेय. बिया बोटानं वेगळ्या वेगळ्या करून ठेवतेय.

"हे कशाला?"

"बी धरतेय. पाखराला कळतं कुठला चांगला पिकलाय ते."

"बी गावाला नेतीस का?"

"गावाला कोण चाललंय?"

भांडलो आम्ही. आईनं काय सांगितलंय ते सांगितलं. एकटी राहशील, आजारी पडलीस तर कोण, असं सगळं बोललो. ती बिया पसरत राहिली. मग म्हणाली, "गावात गेले की मी बिचारी. दळणाला गेले तरी बिचारी, पाण्याला गेले तरी बिचारी. माझ्याशी मोठ्या आवाजात सुद्धा कुणी बोलणार नाही. इथं सरोजम्मा भांडते तरी माझ्याशी! आज बघितलंस ना? आणि शाळेतली पोरं मला चिडवतात, ते पण पाहिजे मला. तू जा. तुझ्या पायाला भिंगरी आहे, तू एका जागी राहत नाहीस. मला राहता येतं."

सोमवारी ती शाळेत गेली. मी स्टेशनवर गेलो. पिशवीत तिनं अर्धे कच्चे टमाटे कागदात गुंडाळून घातले होते, वाटेत पिकतील म्हणून. गाडी सुटेपर्यंत मी धुमसत होतो. आईला फोनवर काय सांगू कळेना. "येत नाही म्हणते," एवढंच म्हणालो, तर आई माझ्यावरच चिडली. तुम्ही असता तर दोघींना हसवून मोकळे झाला असता. माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही.

काल ताईचा फोन होता. गच्चीवर बकेटी कुठं ठेवायच्या यावरून सरोजम्मांचं आणि तिचं जोरात वाजलंय. त्यांना तिथं पापड वाळवायचेत, हिला मिरचीची रोपं लावायचीत. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि तरी एकमेकींना वाट्या पाठवतात. ताईचा आवाज एवढा मोठा होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.

तुम्ही अशा भांडणात नेहमी सरोजम्मांची बाजू घ्यायचात. घरमालकीण आहे, जाऊ दे, म्हणायचात. ताईला ते किती लागायचं, तुम्हाला कधी कळलं नाही. तर वचन ऐका, दाजी. मी तिला पुन्हा ‘गावाकडं चल’ म्हणणार नाही. आई म्हणाली तर आईशी मी बोलेन. आणि ह्या बकेटीच्या भांडणात, ह्याच्या पुढच्या भांडणात, सगळ्या भांडणांत मी ताईची बाजू घेणार. ती साफ चुकलेली असली तरी.

तुमचा मेहुणा,
धम्मपाल